किनारीवरचं नाव

काबूल, २८ मार्च २०२१

खालाजान, सलाम.

फोनवर तुम्ही "बरी आहेस ना, मग ठेव" याच्या पुढे जात नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. हेरातच्या बसवरचा करीमदाद ते तुमच्या दारात आणून देईल. त्याला चहा द्या, नाही तर पुढच्या वेळी कुरकुर करतो.

आई गेल्यानंतरचा पहिला नवरोज झाला. शेजारणी आल्या, हलवा खाल्ला, रडल्या आणि गेल्या. नवरोजचा सुका मेवा भिजत घालायला मी विसरले. घरात आम्ही दोघंच, बाप आणि लेक, पण आगाजाननीही आठवण केली नाही. ते गालिच्यांच्या दुकानातून येतात, जेवतात आणि आईच्या गादीकडे पाठ करून बसतात.

आता कामाचं. जूनमध्ये माझं प्रदर्शन आहे. मागे तुम्ही त्याला "बायकांचे फोटो" म्हणाला होतात, म्हणून पुन्हा सांगते. एका चित्रात काबूलची एक बाई. पद्धत आपल्या हेरातच्या जुन्या पुस्तकांची, घोटलेला कागद आणि मांजराच्या केसांचा कुंचला. त्या पुस्तकांत किनारीवर सोन्याने सुलतानाचं नाव असायचं. तिथे मी त्या बाईचं नाव लिहिते.

एवढंच काम, पण ते एवढंच होत नाही. बायका तासन्‌तास माझ्यासमोर बसतात. नवऱ्याचं दुखणं सांगतात, सासूच्या कवळीची गोष्ट सांगतात. नाव विचारलं की दाराकडे बघतात. रोट्या भाजणारी मलिहा तर "हमीदची आई" यावरच अडून बसली. मी म्हटलं, हमीद जन्मायच्या आधी तुला काय म्हणत होते? म्हणाली, "ए पोरी." चौथ्या बैठकीला नाव बाहेर पडलं आणि मग ती इतकी हसली की डोक्यावरचा रुमाल घसरला.

लग्नाच्या पत्रिकेवर नवरीचं नाव नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर नाही. थडग्यावरही नाही. मुलाच्या ओळखपत्रावर आईचं नाव घालता येईल असा कायदा गेल्या वर्षी झाला, पण कायदा झाला म्हणून जीभ वळत नाही. लोकांनी एका दालनात उभं राहून ही नावं मोठ्याने वाचावीत असं मला वाटतं.

शेवटचं चित्र आईचं असेल. माझ्या फोनमध्ये आहे ती म्हातारी आई, हनुवटीपर्यंत रुमाल ओढलेली. मला ती कुणाचीच आई नव्हती तेव्हाची हवी आहे. लग्नाचे फोटो पहिल्या तालिबानच्या वेळी तिने स्वतः चुलीत घातले. तो चेहरा आता तिच्या बहिणीजवळ, तुमच्याजवळच आहे. कपाळ, भुवया, नाक, सगळं लिहून पाठवा. तुम्ही भूमितीत शिकवायचात तसं नेमकं. किनारीवर लिहीन, शीरीनगुल.

आगाजान म्हणतात, चित्र काढ, नाव नको. "दुकानात येणारी माणसं ते वाचतील. मग मी कुठे बघू?" मी म्हटलं, गालिच्यांकडे बघा. तेव्हापासून आमचं बोलणं मिठापुरतं उरलंय.

तुमची निलाब

*

हेरात, ९ एप्रिल २०२१

निलाब,

करीमदादला चहा दिला. त्याने आणखी एकदा मागून घेतला.

तुझी आई सुंदर नव्हती. हे आधी लिहिते, कारण त्या जुन्या पुस्तकांतल्या बायकांचे चेहरे ताटासारखे गोल आणि सगळे सारखे असतात. तसं करू नकोस. कपाळ अरुंद. भुवया एकमेकींना भिडलेल्या. डावी भुवई शेवटाकडे तुटलेली होती. लहानपणी तंदूरमध्ये वाकून बघत होती, ठिणगी उडाली. नाक आमच्या वडिलांचं, सरळ आणि गरजेपेक्षा थोडं जास्त. खालचा ओठ जाड. विचार करताना वेणीचं टोक दातांत धरायची. त्याबद्दल मी तिला एकदा थोबाडीत मारली होती, तरी सवय गेली नाही. चालायची भराभर. लग्नानंतर मी तिला तसं चालताना पाहिलं नाही.

माझ्यापेक्षा ती सहा वर्षांनी लहान. मी विद्यापीठात गणित शिकायला काबूलला गेले तेव्हा ती शाळेत होती, आणि मी शेवटच्या वर्षाला असताना ती तुझ्या वडिलांच्या घरी होती. तेव्हा तुला जी हवी आहे ती मुलगी फार वर्षं नव्हती.

आता नावाचं. त्या वयाची तिला काढणार असशील तर किनारीवर काही लिहू नकोस. कारण आहे. ते कागदावर लिहायचं नाही. ईदला हेरातला ये, समोर बसून सांगते. तुझे वडील नको म्हणतात ते लोकलाजेने म्हणत असतील, पण या एका चित्रापुरतं ऐक.

डोळ्यांची काळजी घे. कमी उजेडात बारीक काम करत जाऊ नकोस.

आदेला

*

काबूल, २ मे २०२१

खालाजान, सलाम.

तुमच्या पत्रातला चेहरा कागदावर उतरला. तुटकी भुवई काढली आणि मला कुंचला खाली ठेवावा लागला. तिच्या म्हातारपणी ती खूण सुरकुतीत गेली होती. मी ती सुरकुतीच समजत होते.

पण उरलेल्या पत्राने मला राग आला, आणि तो मी लपवत नाही. ज्या बाईने हेरातच्या मुलींना बीजगणित शिकवलं, मुलींना शाळेतून काढणाऱ्या बापांना त्यांच्याच ओसरीवर जाऊन खडसावलं, ती मला सांगते की आईचं नाव लिहू नकोस. आगाजान म्हणाले तर समजू शकते. त्यांना चारचौघांत जायचं असतं. तुमचं काय अडलं? "कारण आहे, कागदावर लिहायचं नाही." खालाजान, हेच वाक्य मला त्या बायकांच्या नवऱ्यांनी, भावांनी ऐकवलेलं आहे.

ईदला मला येता येणार नाही. दालनाच्या मालकाला धमकीचे फोन येताहेत, रोज जाऊन त्याची समजूत काढावी लागते. मदतीला आलेल्या मुली चित्रांच्या चौकटी बसवताहेत. आणि खरं सांगायचं तर तुमच्याशी भांडायला मला हेरातपर्यंत यायचं नाही.

नाव लिहून झालंय. सोन्याची पूड डिंकात कालवून लिहिलं आणि अकीकाच्या खड्याने घोटलं. शीरीनगुल. इतकं सुंदर अक्षर माझ्या हातून पूर्वी आलं नव्हतं.

निलाब

*

हेरात, १७ मे २०२१

निलाब,

ईद झाली. तुझ्यासाठी केलेली कुलचा बिस्किटं शेजारच्या मुलांनी खाल्ली.

मी काबूलला आले असते, पण मोतीबिंदूच्या दुसऱ्या डोळ्याने अजून धड दिसत नाही आणि कंदाहारकडचा रस्ता चांगला नाही. तू चिडली आहेस ते बरोबर आहे. तुझ्या जागी मीही चिडले असते. माझं म्हणणं मात्र तेच आहे. प्रदर्शन झालं की ये.

आदेला

*

काबूल, २० जून २०२१

खालाजान,

प्रदर्शन झालं. लोक आले, वर्तमानपत्रवाले आले, विद्यापीठातल्या मुली रांगेत उभ्या राहिल्या. एका मुलीने पहिलं नाव मोठ्याने वाचलं, मग दुसरीने दुसरं. एक म्हातारा माणूस बायकोला घेऊन आला होता. प्रत्येक चित्रासमोर थांबून तो तिला नाव वाचून दाखवत होता आणि ती प्रत्येक नावाला "अच्छा" म्हणत होती. मलिहा स्वतःच्या चित्रासमोर उभी राहून लोकांना सांगत होती की हे नाक माझं नाही.

संध्याकाळच्या आधी आगाजान आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं. काराकुली टोपी घातली होती, मशिदीत जाताना घालतात ती. सगळी चित्रं ओलांडून ते सरळ आईच्या चित्रासमोर गेले आणि बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता रडतील. मी जवळ गेले. मान न वळवता ते म्हणाले, "ह्या चेहऱ्याचं हे नाव नाही."

आसपासच्या लोकांनी ऐकलं. मी विचारलं, म्हणजे काय? ते निघून गेले.

सगळ्यांसमोर त्यांनी तिला नाकारलं, खालाजान. सारा जन्म माझ्या भावाच्या नावाने, "हारूनची आई" म्हणून हाक मारली. मी तिला एक ओळ दिली, तर तीही तिची नाही म्हणाले. घरी जाऊन मी त्यांना नको ते बोलले. म्हटलं, त्या पोराची आई म्हणून तुम्हाला ती ठाऊक होती, आणि ते पोरही तुर्कस्तानात जाऊन बसलंय, आता तिला काय म्हणाल? मी कपडे घेतले आणि फरोझान नावाच्या मैत्रिणीकडे आले. ती तिच्या आईबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. परत जाणार नाही.

तुमचं जे कारण असेल ते असो. आता ऐकायची इच्छा नाही.

निलाब

*

हेरात, ६ जुलै २०२१

निलाब,

ऐकायची इच्छा नसली तरी वाच.

तुझ्या वडिलांनी खरं तेच सांगितलं. त्या चेहऱ्याचं ते नाव नाही. तुझ्या आईचं नाव सनोबर होतं. आमच्या वडिलांनी ते ठेवलं, हेरातच्या रस्त्यांवरच्या झाडांवरून.

तुझी आजी, जिला तुम्ही सगळे बीबी हाजी म्हणत होता, तिचंही नाव सनोबर. तुला ते ठाऊक नाही, कारण ते घेणारं कुणी नव्हतं. एका घरात सासूच्या नावाची सून कशी चालेल? सुनेला हाक मारली की सासूला हाक मारल्यासारखं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी बायका जमल्या, तिच्या तोंडात साखरेचे बदाम घातले आणि म्हणाल्या, आजपासून ही शीरीनगुल. मी परीक्षा सोडून आले होते. उभी राहिले आणि म्हटलं, हिला नाव आहे. बीबी हाजी म्हणाली, "कॉलेजवाली, तुझा चहा निवतोय." तुझ्या आईने जेवणाच्या दस्तरखानाखाली मला चिमटा काढला, गप्प बस म्हणून. पुढे ओळखपत्रही त्याच नावाने झालं.

त्यानंतर मी कधी अंगणातून "सनोबर" अशी हाक मारली की म्हातारी खिडकीतून डोकावायची आणि बोलणी तुझ्या आईला बसायची. मग मी ते नाव टाकलं. जिभेला सवय झाली.

तुझ्या वडिलांनी ते नाव निकाहात मुल्लाच्या तोंडून ऐकलं. तुझी आई मला एकदा हसत हसत सांगत होती की खोलीचं दार लावलं की ते तिला सनोबर म्हणतात, अगदी हळू, कारण भिंतीपलीकडे सनोबर निजलेली असते. म्हातारी गेल्यावरही ते हळूच म्हणत राहिले. तेवढ्याच आवाजाची सवय.

तू ज्या वयाची तिला काढलीस तेव्हा ती शीरीनगुल नव्हती. म्हणून मी नको म्हटलं. आईला पुरून चार महिने झालेल्या मुलीने हे एकटीने कागदावर वाचू नये, मी समोर असावं, असं वाटत होतं. ते जमलं नाही.

घरी जा. माझ्या पुढच्या पत्राची वाट बघू नकोस. सरहद्दीकडून लढाईच्या बातम्या आहेत. बस किती दिवस चालेल सांगता येत नाही. वडिलांची माफी मागायची की नाही ते तू ठरव, पण घरी जा.

आदेला

*

काबूल, १८ नोव्हेंबर २०२१

खालाजान, सलाम.

तुम्ही सुखरूप आहात हे करीमदादकडून कळलं. तुमचं जुलैचं पत्र मला ऑक्टोबरमध्ये मिळालं. त्याची बस कंदाहारजवळ अडली, मग तो गावी गेला. पत्र त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवलं होतं. हे उत्तरही तोच आणेल. आता फोनमध्ये काही ठेवायची सोय नाही, नाक्यावर उघडून बघतात.

जे घडलं ते क्रमाने सांगते.

तालिबान शहरात शिरले त्या दिवशी आगाजान पायी फरोझानच्या दारात आले. जूनपासून आम्ही बोललो नव्हतो. म्हणाले, "चित्रं कुठे आहेत?" मला वाटलं, जाळायला आले. म्हटलं, दालनाच्या मागच्या खोलीत. "त्या बायकांची नावं तू सोन्याने लिहून ठेवली आहेस. चल."

मला ते सुचलंच नव्हतं. मी दिवसभर विमानतळाचा विचार करत होते. ते त्या बायकांचा करत होते.

दुकानातल्या गालिच्यांत गुंडाळून आम्ही चित्रं घरी आणली. मी म्हटलं, जाळून टाकू. त्यांनी जाळू दिली नाहीत. म्हणाले, चेहरा कुणाचाही असू शकतो, नाव एकीचंच असतं. दुसऱ्या दिवशी पडदे ओढून बसलो आणि मी पात्याने नावं खरवडायला लागले. घोटलेलं सोनं सहज निघत नाही, खालचा कागद वर येतो. आगाजान एकेक चित्र माझ्यापुढे ठेवायचे, किनारीवरचं नाव हळू आवाजात वाचायचे आणि मग मी ते काढायचे. दुकानातल्या माणसांनी एक नाव वाचलं तर मी कुठे बघू म्हणणारे आगाजान. त्यांनी सगळी वाचली. एकही वगळलं नाही.

शेवटी आईचं चित्र आलं. ते मी बाजूला ठेवलं. मेलेल्या बाईचं कोण काय करणार? आगाजाननी माझ्या हातातलं पातं घेतलं आणि शीरीनगुल स्वतः खरवडलं. मी त्यांना म्हटलं, "ती मेली तरी तुम्हाला तिचं नाव सोसत नाही." त्यांनी काम पुरं केलं, सोन्याची पूड फुंकून टाकली आणि नमाजला उठले.

त्यानंतर आम्ही एका घरात राहिलो आणि मी त्यांना रोज जेवण वाढलं, पण मनातून तेच होतं. मग तुमचं पत्र आलं. स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं.

मी बाहेरच्या खोलीत गेले तेव्हा आगाजान रेडिओ दुरुस्त करत होते. मी म्हटलं, खालाजाननी नाव सांगितलं. मी विचारलं, त्या दिवशी दालनात मला का नाही सांगितलंत? म्हणाले, "तेवढ्या लोकांत?" मी म्हटलं, मग घरी? म्हणाले, "घरी तू बोलत होतीस." मग स्वतःहून म्हणाले, "खरं नाव लिहिलं असतंस तर मी भांडलो नसतो असं समजू नकोस. भांडलोच असतो. पण मग हरलो असतो."

मी माफी मागितली. त्यांनी रेडिओ सुरू केला. मान्य केली असं मी धरून चालले आहे.

मलिहा बुरखा घालून आली होती. नाव काढलं म्हणून सांगितलं. म्हणाली, "बरं केलंस. माझ्या तोंडातून काढायला तुला चार बैठका लागल्या, कागदावरून एक पातं पुरलं." जाताना दारात थांबून म्हणाली, "मी विसरलेले नाही, काळजी करू नकोस." आपल्या गल्लीतल्या सौंदर्यगृहाच्या पाटीवरच्या बायकांच्या तोंडांना चुना फासलाय. ती पाटीही मीच रंगवली होती.

आता विचारायचं ते विचारते. आईच्या चित्राची किनार रिकामी आहे. थोडं सोनं उरलंय. सनोबर लिहायला बसते आणि हात पुढे जात नाही. एकदा न विचारता चुकीचं लिहिलं, आता न विचारता बरोबर लिहू का? सगळ्या बायकांना मी विचारलं होतं. कदाचित ते नाव त्या दोघांचंच होतं आणि तिला तसंच हवं होतं. आगाजानना विचारलं. म्हणाले, "मला माहीत नाही. आदेलाला विचार."

तर विचारते. तिला हवं होतं का?

निलाब

*

हेरात, ११ डिसेंबर २०२१

निलाब,

हवं होतं. लिही.

सोनं कमी असेल तर शाईने लिही. चित्र दुमडू नकोस, सपाट ठेव, आणि कुठे ठेवलंस ते मला लिहू नकोस. मी बरी आहे. माझ्याकडे आता मुली भरतकाम शिकायला येतात. त्यांच्या कापडाखाली बीजगणिताचं पुस्तक असतं. टाके वाईट आहेत, समीकरणं बरी.

तिला हवं होतं हे मला कसं माहीत, ते जुलैच्या पत्रात मुद्दाम लिहिलं नाही. तेव्हा तू वडिलांकडे जायला हवं होतंस, आणि हे वाचून तू कुठेच गेली नसतीस. आता विचारलं आहेस, तर सांगते.

ती जाण्याआधीच्या शरदात माझ्या पहिल्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ती हेरातला आली होती. मला दिसत नव्हतं, म्हणून शरदात घरोघरी निवडायला येतात ती केशराची फुलं माझ्या वाट्याचीही तीच खुडत बसली होती. तुझ्याबद्दल बोलत होती. म्हणाली, निलाबकडे बायका येतात, चहाचं तबक मी नेते. तबक ठेवून लगेच निघत नाही, दाराआड थांबते. ती प्रत्येकीला नाव विचारते. त्या बायका किती वेळ लावतात, माझेच पाय दुखायला लागतात. मग म्हणाली, "मी लावणार नाही. मला बसायला सांगेल ना, त्या दिवशी ती रंग कालवत असतानाच मी सांगून टाकणार, सनोबर. तिचा हात थांबतो की नाही बघ."

तिला हसू येत होतं. तो आवाज मी लग्नाआधी ऐकला होता.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे चिडले. म्हटलं, घर तुझं, पोर तुझी, उद्या काबूलला गेलीस की सरळ जाऊन तिच्यासमोर बस.

ती बराच वेळ फुलं खुडत राहिली. मग म्हणाली, "बोलावल्याशिवाय कशी बसू?"

आदेला